विषय अडलाय? आधी चार जण जमवा, मग सिनिअर गाठा

कॉस्टिंग, स्टॅटिस्टिक्स, ऑर्गॅनिक केमिस्ट्री, रिअल अ‍ॅनालिसिस. माझ्या ओळखीतल्या पोरापोरींचे विषय राहिले ते बहुतेक या यादीतलेच. विषय राहिला की घरचे म्हणतात क्लास लाव. क्लास लावला तर तिथेही साठ जण, तिथेही फळा, आणि तिथेही ‘समजलं का?’ला सगळ्यांचं एकसुरात ‘हो’.

मी धरणगावची. बी.कॉम. जळगावला केलं, रोज जाऊन-येऊन. सध्या जळगावातच एका कर सल्लागारांच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न्स भरते आणि रविवारी सकाळी ज्युनिअर पोरांचा कॉस्टिंगचा, म्हणजे माल तयार करायच्या खर्चाच्या हिशेबाचा, गट घेते. त्याआधी मी स्वतः अशाच गटात बसून शिकले. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते: आपल्यापेक्षा वर्षभर पुढे असलेल्या कोणाकडून, चार-पाच जणांनी मिळून, फुकटात किंवा जवळपास फुकटात शिकायचं कसं. हे मागावं लागतं, आपोआप मिळत नाही. आणि मागायचीही एक रीत आहे.

कच्चं पोर नाही, कठीण विषय

पहिली अडचण लाजेची. कॉलेजात ‘स्लो लर्नर’ची यादी निघते, नोटीस बोर्डावर लागते, आणि त्या यादीत नाव दिसलं की पोरगं रेमेडियलच्या (मागे पडलेल्यांसाठीच्या जादा) तासाला जाण्याऐवजी बसस्टँड गाठतं. त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. सगळ्यांसमोर ‘ढ’ ठरवून वर शिकायला या म्हटलं तर कोण येईल?

अमेरिकेत ही गोष्ट जरा डोकं लावून केलेली आहे. १९७३ साली मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या कॅम्पसमध्ये डीना मार्टिन यांनी एक पद्धत सुरू केली, नाव सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन. तिथे कच्ची मुलं निवडत नाहीत, कठीण विषय निवडतात. ज्या पेपरात खूप जण आपटतात त्या पेपराला एक गट जोडून द्यायचा आणि दार सगळ्यांना उघडं ठेवायचं. पहिला येणाराही येतो, काठावरचाही येतो, म्हणून कोणावर शिक्का बसत नाही. गट घेणारा विद्यार्थीच असतो. त्याने तो पेपर आधी चांगल्या मार्कांनी काढलेला असतो, तरी तो पुन्हा त्या वर्गात जाऊन बसतो, म्हणजे यंदा सर कुठपर्यंत आले हे त्याला ठाऊक असतं. आणि त्याला सक्त सांगितलेलं असतं की तू लेक्चर द्यायचं नाही.

त्याच दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले कॅम्पसमध्ये यूरी ट्राइझमन कॅल्क्युलसच्या विद्यार्थ्यांकडे लक्ष ठेवून होते. कृष्णवर्णीय मुलं शाळेतून हुशार म्हणून आलेली, मेहनतही भरपूर करायची, पण एकटी खोलीत बसून. चिनी वंशाची मुलं आधी आपापलं सोडवायची आणि मग एकत्र जमून एकमेकांचं तपासायची. ट्राइझमन यांनी मग गट बसवले, आणि त्यांत सोपी उजळणी ठेवली नाही, नेहमीपेक्षा कठीण गणितं ठेवली. आपल्याकडे नेमकं उलट होतं. मागे पडलेल्याला आणखी सोपं, आणखी बाळबोध देतात. मग परीक्षेत खरं गणित आलं की तो पुन्हा तिथेच.

तेव्हा गट करताना विषयाचं नाव घ्या, पोरांचं नाही. ‘आम्ही कॉस्टिंगचा गट करतोय’ असं म्हटलं की त्यात कोणी कच्चं नसतं.

आधी चार जण

पोरं उलटं करतात. आधी हुशार सिनिअर शोधतात, त्याच्या मागे लागतात, तो एकट्याला शिकवायला कंटाळतो आणि विषय संपतो. आधी आपण चार जण जमा व्हा. चौघांसाठी तास काढायला माणूस तयार होतो, आणि एकाने दांडी मारली तरी तास बुडत नाही. पाच चालतात, सहा ही हद्द. सातवा आला की दोघं मागे बसून मोबाइल बघायला लागतात.

कोणाला घ्यायचं? जिवलग मैत्रिणी नकोत. त्या जमल्या की पहिला अर्धा तास कोणाच्या साखरपुड्यात काय झालं यात जातो. एकाच गाडीने येणारे घ्या. आमच्या गटात दोघी धरणगावच्या, एक पाळधीची, एक जण एरंडोलकडचा. चौघांची वाट एकच, त्यामुळे तास पाच मिनिटं लांबला तरी एकमेकांच्या सोबतीने निघता यायचं. भुसावळ-सुरत लाइनवर येणाऱ्यांनी रेल्वेचं टाइमटेबल धरावं, एसटीवाल्यांनी बसचं. शिकायला यायची इच्छा सगळ्यांची असते हो, शेवटची गाडी चुकेल म्हणून माणूस उठून जातो.

पैशाचं म्हणाल तर विद्यार्थ्याच्या मासिक पासावर एसटी ६६.६७ टक्के सवलत देते, म्हणजे तिसरा हिस्साच भरायचा. पास काढलेलाच असेल तर कॉलेजच्या दिवशी तास ठेवण्यात वेगळा खर्च नाही. रविवारी ठेवला तर मुलींना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, मुलांना पूर्ण. माझा गट रविवारी भरतो कारण बाकीचे दिवस मी ऑफिसात असते, पण तुम्हाला निवड असेल तर आठवड्यातला दिवस घ्या.

गटात मुलं-मुली दोन्ही असतील तर घरी पहिल्याच दिवशी सांगून टाका: कुठे बसतो, किती वाजता सुटतो, कोण शिकवतं. पाळधीच्या मैत्रिणीचे वडील एकदा स्वतः येऊन बघून गेले. वीसेक मिनिटं मागच्या बाकावर बसले आणि जाताना म्हणाले, ‘बठा, बठा, चालू द्या.’ त्यानंतर कधी विचारलं नाही.

सिनिअर कोणता

पहिला आलेला नको. म्हणजे मिळाला आणि शिकवता येत असेल तर उत्तमच, पण ज्याला पहिल्या वाचनात समजलं त्याला दुसऱ्याला काय समजत नाही हेच कळत नाही. ज्याला तो विषय जड गेला, घासून घासून सुटला आणि शेवटी बरे मार्क पडले, असा माणूस शोधा. तो कुठे अडलेला ते त्याला अजून आठवत असतं.

शोधायचा कुठे? विषयाच्या शिक्षकांना सरळ विचारा, ‘सर, मागच्या वर्षीच्या बॅचमध्ये हा विषय नीट समजावून सांगेल असं कोण आहे?’ शिक्षकांना बरोबर माहीत असतं. ग्रंथालयातल्या काकांना विचारा, त्या पेपराची पुस्तकं आणि जुने प्रश्नपत्रिका-संच कोण सारखं नेत होतं हे ते न बघता सांगतात. एनएसएसच्या शिबिरात ज्याने गावातल्या बायकांना बचत गटाचा हिशेब समजावून दिला असेल, तोही बरा. एम.कॉम., एम.एस्सी.ची मुलं असतातच. बसमध्येही सापडतात. माझी सिनिअर मला एरंडोलच्या गाडीत भेटली. उभ्याउभ्या मांडीएवढं कॉस्टिंगचं पुस्तक सांभाळत होती, म्हणून बोलणं निघालं.

माणूस सापडला की एक छोटी परीक्षा घ्या. एक अडलेलं गणित घेऊन जा आणि बघा तो काय करतो. तुमच्या हातातला पेन काढून घेऊन झरझर सोडवायला लागला तर आभार माना आणि दुसरा शोधा. ‘तू कुठपर्यंत आलीस? ही ओळ अशी का लिहिलीस?’ असं विचारलं तर त्याला सोडू नका.

विचारताना मोघम विचारू नका. ‘दादा, जरा शिकव ना’ याला कोणी हो म्हणत नाही, कारण ते कधी संपेल त्याला कळत नाही. असं म्हणा: ‘दादा, आम्ही चौघं आहोत. प्रोसेस कॉस्टिंग आणि ओव्हरहेड्स हे दोन चॅप्टर अडलेत. दर गुरुवारी प्रॅक्टिकलनंतर एक तास, दिवाळीपर्यंत. गणितं आम्ही आधी सोडवून आणू, जिथे अडेल तिथेच तू बघायचं.’ किती जण, कोणते चॅप्टर, कोणता वार, कधीपर्यंत. एवढं मोजून सांगितलं की समोरचा विचार करतो. नाही म्हणाला तर त्याला ‘मग तुझ्या ओळखीत कोणी?’ एवढं विचारायचं आणि निघायचं. खान्देशात माणूस स्वतः नाही म्हणाला तरी दुसऱ्याचं नाव सांगितल्याशिवाय राहत नाही.

पैसे द्यायचे का? आम्ही दिले नाहीत. तिने मागितलेही नाहीत. झेरॉक्सचा आणि चहाचा खर्च आम्ही करायचो, आणि थंडीत धरणगावला आमच्या शेतात भरीत पार्टी दिली: काडीवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. सिनिअर अडचणीतला असेल, खोलीचं भाडं स्वतः भरणारा असेल, तर चौघांनी मिळून महिन्याला काही ठरवा आणि पहिल्याच दिवशी उघड बोलून ठरवा. नंतर काढलेला पैशाचा विषय गट मोडतो.

खोली मागायची ती कॉलेजकडेच

जागेचं फार जणांना सुचत नाही. शहरात अभ्यासिका भरपूर आहेत, पण तिथे एमपीएससीवाले बसतात आणि कुजबुज केली तरी माना वळतात. हॉटेलात चहावर तासभर बसू देत नाहीत. जळगावच्या मेहरूण तलावावर वही उडते. सरळ कॉलेजची रिकामी वर्गखोली मागा. दुपारनंतर निम्मे वर्ग ओस असतात.

अर्ज विभागप्रमुखांच्या नावे, चार ओळींचा:

‘आम्ही खालील विद्यार्थी कॉस्ट अकाउंटिंग या विषयाचा गटअभ्यास दर गुरुवारी दुपारी ३ ते ४ या वेळेत करू इच्छितो. एम.कॉम.च्या एक विद्यार्थिनी मार्गदर्शन करणार आहेत. त्यासाठी वर्गखोली उपलब्ध करून द्यावी आणि विभागातील एका शिक्षकांनी आम्हांस शंकांसाठी महिन्यातून एकदा वेळ द्यावा, ही विनंती. हजेरी आम्ही ठेवू व सत्राअखेर विभागाकडे जमा करू.’

खाली नावं, रोल नंबर, सह्या. शेवटचं हजेरीचं वाक्य गाळू नका, सगळी किल्ली त्यात आहे. नॅकचं, म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेचं, मूल्यांकन आलं की मागे पडलेल्यांसाठी आणि पुढे असलेल्यांसाठी काय केलं, हे कॉलेजला कागदावर दाखवावं लागतं. तुमचा गट म्हणजे दोन्ही रकाने एकदम भरले: शिकणारे चौघं आणि शिकवणारी एक. त्यामुळे मॅडम एखाद दिवशी मोबाइल घेऊन येतील आणि जिओटॅग (जागेची नोंद असलेला) फोटो काढतील. काढू द्या. त्या फोटोच्या बदल्यात पंखा चालणारी खोली मिळते. सिनिअरसाठी विभागाच्या लेटरहेडवर एक पत्रही मागून घ्या, पुढे नोकरीच्या मुलाखतीत तिला उपयोगी पडतं.

शिक्षकांना महिन्यातून एकदा बोलवायचं ते वेगळ्या कारणासाठी. सिनिअरही चुकतो. त्याच्याकडून चौघं एकच चूक शिकले तर चौघं परीक्षेत तीच करतील. ज्या मुद्द्यावर गटात एकमत होत नाही ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे आणि शिक्षक आले की तेवढेच विचारायचे.

तास चालतो कसा

खरं सगळं इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवातीला प्रत्येकाने आपण कुठे अडलो ते सांगायचं, वही दाखवून. ‘मला चॅप्टरच समजला नाही’ हे उत्तर धरायचं नाही. कोणत्या ओळीवर अडलं ते बोट ठेवून दाखवायचं. एरंडोलकडच्या भावाचं ठरलेलं असायचं, ‘मन्हं गाडं आठेच अडस’ (माझं गाडं इथेच अडतं), आणि बोट बरोब्बर त्या रकान्यावर. एवढं जमलं की निम्मं काम झालं. वही कोरी असेल तर त्या दिवशी तो फक्त ऐकेल, प्रश्न विचारणार नाही. हा नियम कडक वाटतो, पण नसला तर गटाचा क्लास होतो.

मग एकच गणित घ्यायचं आणि प्रत्येकाने गुपचूप, बाजूला न बघता पाच मिनिटं सोडवायचं. मग उत्तरं सांगायची. वेगळी आली तर तास चांगला जाणार हे नक्की. सिनिअरने या वेळी बरोबर उत्तर सांगायचं नाही, तोंडावरही दाखवायचं नाही. ‘तू तिला पटवून दे’ एवढंच म्हणायचं.

मी प्रोसेस कॉस्टिंगची, म्हणजे एकेका प्रक्रियेचा खर्च काढायच्या प्रकरणाची, सुरुवात दरवेळी जिनिंगच्या (कापसातून रुई आणि सरकी वेगळी करायच्या) गणितानेच करते. आमच्याकडे कापूस सगळ्यांनी पाहिलेला असतो. जिनिंगला १,००० किलो कापूस गेला, ७२ रुपये किलोने. म्हणजे ७२,००० रुपये. मजुरी, वीज, बाकी खर्च ५,६००. एकूण ७७,६००. या प्रक्रियेत ३ टक्के घट नेहमीची धरली आहे, तिला काही किंमत येत नाही. रुई आणि सरकी मिळून प्रत्यक्षात हातात आली ९५० किलो. किलोमागे खर्च किती? (रुईचा आणि सरकीचा भाव वेगळा, हे मलाही माहीत आहे. ते जॉइंट प्रॉडक्टचं, एकाच प्रक्रियेतून निघणाऱ्या दोन मालांचं प्रकरण, पुढच्या तासाला.)

दर वर्षी तीन उत्तरं येतात. एक जण ७७,६०० ला १,००० ने भागतो, ७७.६० रुपये. दुसरी म्हणते हातात ९५०च आहेत, मग ९५० ने भाग, ८१.६८ रुपये. तिसऱ्याला काहीतरी अंधुक आठवत असतं, तो ९७० ने भागतो आणि ८० येतात, पण ९७० का हे त्याला सांगता येत नाही. आता भांडू द्यायचं. ९५० वाली म्हणते, जे आलंच नाही त्याला खर्च कसा लावू? १,००० वाला म्हणतो, पैसे तर हजार किलोचे दिले ना. ९७० वाला गप्प.

एका वर्षी गटात एक मुलगी होती, तिचे वडील जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असायचे. ती म्हणाली, ‘घट ते धरेलच ऱ्हास ना!’ (घट तर धरलेलीच असते ना!) कचरा उडतो, ओल सुकते, मालकाला सौद्याआधीच ठाऊक असतं की हजाराचे हजार मिळणार नाहीत. तो ती घट धरूनच भाव काढतो. म्हणजे जे ९७० किलो यायलाच हवे होते त्यांनी सगळा खर्च वाहायचा, किलोमागे ८० रुपये. आणि वरचे २० किलो? पाऊस लागला, आग लागली, कोणी पोतं उचलून नेलं, ते कोणी धरलेलं नव्हतं. त्या २० किलोंचे ८० प्रमाणे १,६०० रुपये वेगळे काढायचे आणि कॉस्टिंगच्या नफा-तोटा खात्याला टाकायचे, म्हणजे त्या गोंधळाचा भुर्दंड चांगल्या मालाच्या किमतीवर पडत नाही. ९५० किलोचे ७६,००० आणि हे १,६००, बेरीज ७७,६००. खातं जुळलं. नॉर्मल लॉस, अबनॉर्मल लॉस ही नावं पुस्तकातून पाठ केलेली होती, ती आता बसली. मी त्या दहा मिनिटांत एक वाक्य बोलले असेन.

मग लगेच आकडे बदलून तेच गणित द्यायचं. हातात ९८० किलो आले असते तर? इथे पुन्हा एकदा गोंधळ उडतो, उडू द्यायचा. १० किलो जास्त, तोच ८० चा दर, ८०० रुपये अबनॉर्मल गेन, म्हणजे न धरलेला फायदा. ज्याला पहिल्या वेळी खरंच समजलं तो इथे अडत नाही, आणि ज्याने मान डोलावली होती तो इथे सापडतो.

शेवटची दहा मिनिटं वह्या बंद. कोऱ्या कागदावर आज जे शिकलो ते प्रत्येकाने, पेपर ज्या भाषेत लिहिणार त्याच भाषेत, लिहून काढायचं. तासभर अहिराणी, तावडी, लेवा, जी बोली येईल तिच्यात बोला, मी स्वतः तसंच बोलते. पण परीक्षक अहिराणी तपासत नाहीत, म्हणून ही शेवटची दहा मिनिटं सोडायची नाहीत. समजलेलं असूनही पेपरात चार धड वाक्यं न जमल्याने मार्क गेलेली पोरं मी फार पाहिली आहेत.

सिनिअरला सगळ्यात जड जातं ते गप्प बसणं. प्रश्न विचारल्यावर पोरं शांत झाली की त्याच्या तोंडातून उत्तर बाहेर येतं. माझी सिनिअर प्रश्न विचारून खिडकीशी जायची आणि बाहेर बघत उभी राहायची. कोणी बोलेपर्यंत वळायची नाही.

गट का मोडतो

एक जण सगळा तास खातो. तो हुशारही असू शकतो किंवा फारच अडलेलाही. त्याच्या हातात खडू द्या आणि दुसऱ्याने सांगितलेलंच फळ्यावर लिहायचं काम द्या. लिहिताना बोलता येत नाही.

एखादा परीक्षेच्या आठवड्यातच उगवतो. पहिल्या तीन तासांना न आलेल्याला नंतर घेऊ नका, कितीही ओळखीचा असो. वाईटपणा सिनिअरवर टाका, ‘ताई नाही म्हणते’ असं सांगा. मी दरवर्षी अशी वाईट होते.

असाइनमेंट उतरवून घेण्यासाठी गट वापरायला लागले की तो दोन आठवड्यांत संपतो, कारण मग सोडवून कोणी आणतच नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळच्या शुभेच्छा बंद, नुसता ‘हे कसं?’ विचारणंही बंद. आधी स्वतः केलेल्या अर्धवट उत्तराचा फोटो, मग प्रश्न.

वेचणी, परीक्षा, ऊन

आपल्याकडचं वेळापत्रक पुण्या-मुंबईच्या पोरांना कळणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापूस फुटतो, मजूर मिळत नाहीत, आणि घरची कॉलेजवाली पोरं शेतात लागतात. हिवाळी परीक्षाही त्याच सुमाराला. तेव्हा गट सुरू करायचा तो जुलै-ऑगस्टमध्ये, सर पहिला चॅप्टर शिकवत असताना. दिवाळीपर्यंत अवघड चॅप्टर उरकलेले पाहिजेत. वेचणीच्या दिवसांत प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून द्या. जो येईल त्याने न आलेल्याला त्या दिवशीच्या पानाचे फोटो पाठवायचे आणि रात्री फोनवर दहा मिनिटं बोलायचं. शेतात असलेल्याने माफी मागत बसायची गरज नाही, सगळ्यांच्याच घरी कापूस आहे.

उन्हाळी सत्राची गोष्ट वेगळी. एप्रिलमध्ये जळगाव-भुसावळला दुपारी डोकं चालत नाही. तास सकाळी आठच्या आत, पाण्याची बाटली ज्याची त्याने.

या सगळ्यात जुने पेपर कधी आणायचे? शेवटच्या महिन्यात. आधी आणले तर पोरं चॅप्टर सोडून ‘इम्पॉर्टंट’ शोधत बसतात.

तीन-चार तास होऊनही एखाद्याला काहीच लागत नसेल तर त्याचं मूळ मागे कुठेतरी आहे. डेबिट-क्रेडिटच कच्चं असेल तर प्रोसेस अकाउंट काय बसणार? त्याला गटातून काढू नका, पण शिक्षकांकडे वेगळं बसवा. हे सिनिअरच्या आवाक्यातलं काम नाही.

कॉलेजात सिनिअरच नसला तर

धडगाव, अक्कलकुवा, साक्री या भागातली पोरं विचारतात: आमच्या वर्गात मोजून पंधरा जण, मागच्या बॅचमध्ये आठ, त्यांतले सगळे कामाला गेले. कोणाला पकडू?

आपलं विद्यापीठ, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांचं आहे. संलग्न कॉलेजांचा अभ्यासक्रम एकच. म्हणजे अक्कलकुव्याच्या गटाला धुळ्याची किंवा फैजपूरची सिनिअर चालते. तुमच्या शिक्षकांच्या ओळखी दुसऱ्या कॉलेजात असतात, पेपर तपासणीला ते एकत्र बसतात, त्यांच्याकडून नंबर घ्या. तास मोबाइलवर गूगल मीटवर घ्यायचा, पण तुम्ही चौघांनी एकाच खोलीत, एकाच फोनसमोर बसायचं. चार घरांतून चार जण जोडले की दोघांची रेंज जाते आणि तिसरा स्वयंपाकघरातल्या आवाजात हरवतो. गणित कागदावर मोठ्या अक्षरात, फोन पुस्तकांच्या थप्पीवर टेकवलेला. रेंज गच्चीवरच येत असेल तर संध्याकाळी गच्चीवर.

फक्त एक तपासून घ्या. जळगावच्या मूळजी जेठा किंवा अमळनेरच्या प्रतापसारखी कॉलेजं स्वायत्त आहेत, त्यांचा अभ्यासक्रम आणि पेपर ते स्वतः काढतात. तिथली सिनिअर मिळाली तर पहिल्या तासाला दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून युनिट-युनिट जुळवा, जे तिच्याकडे नव्हतं त्यावर खूण करा आणि तेवढं तुमच्या शिक्षकांकडे न्या.